कचरा कुणाचा? कोंडाळ्यापासून दारातल्या बादलीपर्यंतची पुण्याची गोष्ट

आजचा भाग कचऱ्यावर आहे. थांबा, लगेच स्किप करू नका. कारण आजच्या गोष्टीत दुष्काळ आहे, मोर्चा आहे, सुप्रीम कोर्ट आहे, पॅरिस आहे, आणि मी स्वतः केलेली एक चूकसुद्धा आहे. सुरुवात त्या चुकीपासूनच करतो.

दोन-अडीच महिन्यांपूर्वीची गोष्ट. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सेक्रेटरीकाकांचा एक मेसेज आला. एका खासगी कंपनीचा टेम्पो रोज सकाळी गेटवर येणार. घरटी पैसे आत्तापेक्षा कमी. आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरात: ओला-सुका वेगळा करायची गरज नाही, सगळं एकत्र दिलं तरी चालेल. मी ऑफिसच्या घाईत होतो. वाचलं, बरं वाटलं, थम्ब्स अप दिला आणि विसरून गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. आमच्याकडे कचरा घ्यायला गेली अकरा वर्षं एकच मावशी येतात. बादली त्यांच्या हातात देताना त्या म्हणाल्या, "दादा, तुम्ही पण हो म्हणालात का?" वॉचमनकडून त्यांना कळलं होतं. मी काहीतरी पुटपुटलो, "नाही, म्हणजे अजून ठरलं नाहीये मावशी..." त्या एवढंच म्हणाल्या, "बघा बाबा. आमचं काय, कोंडाळ्यातनं इथपर्यंत यायला लई वर्षं लागली."

ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कोंडाळ्यातून इथपर्यंत, म्हणजे कुठून कुठपर्यंत? मग मी वाचायला लागलो. आणि मला कळलं की माझ्या दारातल्या त्या दोन बादल्यांच्या मागे जवळपास पन्नास वर्षांचा इतिहास आहे. तोच आज सांगणार आहे.

डस्टबिन नावाची वस्तूच नव्हती

माझी आजी पुरंदर तालुक्यातली, सासवडच्या जवळची. तिला मी एकदा विचारलं होतं, तुमच्याकडे डस्टबिन कुठं असायचं? तिला प्रश्नच कळला नाही. कारण टाकायचं असं फारसं काही नसायचंच. चुलीतली राख भांडी घासायला. भाज्यांची देठं, उष्टं-खरकटं जनावरांना. शेण सारवायला आणि गोवऱ्यांना. जुन्या लुगड्याची गोधडी. गोधडी विरली की तिचं पायपुसणं, आणि पायपुसणं फाटलं की त्याची चिंधी. त्यातूनही कपडे उरलेच तर बोहारीण यायची आणि त्यांच्या बदल्यात भांडं द्यायची. त्या सौद्यात आजी तासभर घालवायची, असं आई सांगते.

अंगणातला केर आणि गोठ्यातली घाण जायची उकिरड्यावर. उकिरडा म्हणजे आजच्या भाषेत कंपोस्टचा ढीग. पावसाळ्याआधी तेच खत गाडीत भरून शेतात पडायचं. आपल्याकडे म्हणच आहे, उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते. म्हणजे उकिरड्यालासुद्धा कधीतरी चांगले दिवस येतात. ही म्हण लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पण मंडळी, "पूर्वी सगळं किती छान होतं" असं म्हणायचा मोह आवरू या. कारण त्याच काळात शहरातल्या वाड्यांमध्ये टोपलीचे संडास होते, आणि त्या टोपल्या डोक्यावरून वाहून न्यायचं काम जातीनं ठरलेलं होतं. वरच्या आळीतली स्वच्छता कुणाच्या तरी डोक्यावर होती, अक्षरशः. आपल्याकडे घाण कुणी उचलायची, हे घाण तयार व्हायच्या आधीच ठरलेलं असायचं. पुढची सगळी गोष्ट समजायला हे लक्षात ठेवावं लागतं.

शहरं वाढली तसा उकिरडा गेला आणि कोंडाळं आलं. पुण्यात जे वाढलेत त्यांना हा शब्द पक्का माहीत असेल. गल्लीच्या कोपऱ्यावर आधी सिमेंटचं, मग लोखंडी, भलंमोठं. घरातली बादली घ्यायची, कोपऱ्यावर जायचं, लांबूनच फेकायचं. नेम चुकला तर चुकला. भोवती कुत्री, गाई, डुकरं. महापालिकेची गाडी कधीतरी येणार, ते उपसणार आणि शहराबाहेर नेऊन ओतणार. कचरा घरातून निघून कोंडाळ्यात पडला की तो कुणाचाच नाही, अशी ही व्यवस्था.

नंतर त्या कोंडाळ्यात नवीन पाहुणे आले. दुधाच्या काचेच्या बाटलीऐवजी प्लास्टिकची पिशवी, डब्याऐवजी कॅरीबॅग, मग शांपूचे सॅशे, पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं. उकिरड्यात कुजणारा कचरा आणि कधीच न कुजणारा कचरा एकाच ठिकाणी, एकमेकांत कालवलेला. खरी गडबड इथून सुरू झाली.

पॅरिसचा पुबेल

आता दोन मिनिटं पॅरिसला जाऊन येऊ. म्हणाल, कुठे पुणं, कुठे पॅरिस? पण पुण्यात शंभर वर्षांनी जे झालं, त्याची रंगीत तालीम तिथे होऊन गेली होती.

१८८३ सालची गोष्ट. पॅरिसचा कारभार बघणारा एक मोठा अधिकारी होता, युजीन पुबेल. तोपर्यंत पॅरिसमध्ये लोक कचरा सरळ रस्त्यावर टाकायचे. नोव्हेंबर १८८३ मध्ये पुबेलनं हुकूम काढला की प्रत्येक घरमालकानं आपल्या भाडेकरूंसाठी झाकणाचा डबा ठेवायचा. जानेवारी १८८४ पासून अंमल सुरू. आणि डबेही एक नाही, तीन: एकात कुजणारा कचरा, दुसऱ्यात कागद आणि चिंध्या, तिसऱ्यात काच, फुटकी चिनीमाती आणि कालवांचे शिंपले. ओला-सुका हे मोदीजींच्या किंवा महापालिकेच्या डोक्यातून निघालेलं खूळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना हे सांगा. १८८४!

लोक चिडले. घरमालकांना डब्याचा खर्च नको होता. वर्तमानपत्रांनी पुबेलची टिंगल म्हणून त्या डब्यालाच त्याचं नाव देऊन टाकलं. आजही फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला "पुबेल" म्हणतात. बिचाऱ्याचं नाव असं अमर झालं.

पण सगळ्यात जास्त चिडले ते पॅरिसचे चिंध्या वेचणारे. हजारो माणसं रात्री रस्त्यावरचा कचरा चाळून चिंध्या, हाडं, काच, धातू वेचायची आणि विकायची. चिंध्यांपासून कागद बनायचा. म्हणजे शहराचं रीसायकलिंग हेच लोक करत होते. डबा आला, झाकण लागलं, गाडी आली, आणि यांच्या पोटावर पाय आला. शेवटी त्यांच्या ओरडीमुळे त्यांना डब्यातलं वेचायची थोडी मुभा द्यावी लागली. तीन डबे वेगळे ठेवायचा नियम मात्र लोकांनी फारसा पाळलाच नाही. तो बारगळला.

यातून मला जे दिसलं ते असं: कचऱ्याचा डबा बदलला की फक्त डबा बदलत नाही. त्या कचऱ्यावर हक्क कुणाचा, हेही बदलतं. आणि हुकूम काढणाऱ्याला बहुतेक वेळा ते सुचलेलंच नसतं. चला, आता परत पुण्यात.

कोंडाळ्यातल्या बायका

१९७२ चा दुष्काळ. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, महाराष्ट्रात "बहात्तरचा दुष्काळ" म्हटलं की ती पिढी अजून गप्प होते. मराठवाड्यातून आणि इतर कोरडवाहू भागांतून माणसं शहरांकडे निघाली. त्यातली बरीच कुटुंबं पुण्याच्या झोपडपट्ट्यांमध्ये आली. जमीन नाही, शिक्षण नाही, आणि दलित असल्यामुळे घरकामालासुद्धा सहज कुणी घेत नाही. अशा कितीतरी बायकांनी मग कचरा वेचायला सुरुवात केली. या कामाला भांडवल लागत नाही, ओळख लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. पाठीवर एक पोतं टाकायचं की झालं.

पहाटे अंधारात निघायचं, कारण उशीर झाला तर दुसरी कुणीतरी वेचून गेलेली असते. कोंडाळ्यात उतरायचं. उष्टं, काचा, वापरलेले पॅड, मेलेलं मांजर, सगळ्यातून हात घालून कागद, पुठ्ठा, बाटली, पत्रा, लोखंड काढायचं. पाठीवर ओझं घेऊन दहा-दहा किलोमीटर चालायचं. मग भंगारवाल्याच्या दुकानात निवडून, वजन करून विकायचं. भाव तो सांगेल तो. वाटेत कुत्री मागे लागणार, पोलीस हटकणार, आणि कुठल्या बंगल्यात चोरी झाली की पहिला संशय यांच्यावर.

शहराच्या लेखी या बायका म्हणजे कचऱ्यासारख्याच, कोंडाळ्याभोवतीच्या. प्रत्यक्षात मात्र महापालिकेला जो कचरा उचलायला, वाहायला आणि पुरायला पैसे लागले असते, त्यातला कितीतरी भाग त्या फुकट कमी करत होत्या.

पहिली ठिणगी

१९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या निरंतर आणि प्रौढ शिक्षण विभागातल्या काही जणी पुण्यात कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायला लागल्या. त्यात पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण ही नावं महत्त्वाची. मुलांना समजून घ्यायचं तर त्यांच्याबरोबर फिरायला हवं, म्हणून त्या मुलांसोबत आणि त्यांच्या आयांसोबत कोंडाळ्यांवर गेल्या. आणि त्यांच्या लक्षात आलं की प्रश्न फक्त पाटी-पेन्सिलचा नाही.

मग एक साधा विचार पुढे आला. कचरा कोंडाळ्यात कालवला जाण्याआधीच मिळाला तर? लोकांनी घरातच ओला आणि सुका वेगळा ठेवला आणि या बायकांनी तो दारातून घेतला, तर घाणीत हात घालायला नको, माल स्वच्छ मिळेल आणि भावही बरा येईल. तीसेक बायकांना ओळखपत्रं देऊन एका वस्तीत हे सुरूही झालं. लक्षात घ्या, तेव्हा देशात ओला-सुक्याचा कुठला कायदा नव्हता.

आणि मग काय झालं? त्याच भागात एक व्यावसायिक गाडी घेऊन आला. म्हणाला, मी दारातून कचरा नेतो. सोय तीच, गाडी मात्र मोटारीची. (हे वाचलं तेव्हा मला माझा थम्ब्स अप आठवला, खोटं कशाला बोलू!) बायकांच्या लक्षात आलं की आज ही गाडी एका भागात आलीय, उद्या सगळ्या शहरात येईल. त्या एकत्र आल्या, रस्त्यावर उतरल्या, विरोध केला. आणि ती गाडी थांबली.

त्यातून संघटनेची गरज पटली. मे १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली. आठशेहून जास्त जण आले. अध्यक्षस्थानी डॉ. बाबा आढाव होते. हमाल पंचायत आणि "एक गाव, एक पाणवठा" ही चळवळ ज्यांनी उभी केली, तेच हे बाबा. तिथे जन्म झाला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचा. नाव बघा ना किती सरळ आहे. कागद, काच, पत्रा. रोज जे वेचायचं तेच नाव. आणि पुढे "कष्टकरी". म्हणजे आम्ही भिकारी नाही, चोर नाही. आम्ही काम करतो.

एका ओळखपत्राची किंमत

संघटनेची पहिली मोठी मागणी पैशाची नव्हती. ओळखपत्राची होती. १९९५-९६ च्या सुमारास पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी या बायकांच्या फोटो ओळखपत्रांवर आपली मोहर उमटवली. आपल्याला वाटेल, कार्डात काय एवढं? पण पहाटे चार वाजता पोलिसानं हटकल्यावर "ही मी, हे माझं काम, हा साहेबांचा शिक्का" असं म्हणता येणं, याची किंमत ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळते.

मग आकड्यांचं काम सुरू झालं. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी पुण्यातल्या भंगार वेचणाऱ्यांचा एक अभ्यास झाला. त्यात हिशोब मांडला होता की एकेक कचरावेचक बाई दर महिन्याला सुमारे २४६ रुपयांचं काम महापालिकेसाठी फुकटात करते. म्हणजे कोण कुणावर उपकार करतंय, हे कागदावर आलं. २००२-०३ मध्ये पुणे महापालिकेनं नोंदणी झालेल्या कचरावेचकांचा आरोग्य विमा सुरू केला. संघटनेची पतसंस्था उभी राहिली, सावकाराचं व्याज सुटलं. हे सगळं हळूहळू, एकेक अर्ज करत, एकेक मोर्चा काढत.

कोंडाळं उठलं, आता काय?

इकडे देशात वेगळंच वादळ येत होतं. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ पसरल्याची बातमी आली आणि लोक शहर सोडून पळाले. शहरातला कचरा म्हणजे जिवाशी खेळ, हे सगळ्यांच्या ध्यानात आलं. १९९६ मध्ये अल्मित्रा पटेल यांनी सुप्रीम कोर्टात जनहित याचिका दाखल केली. कोर्टानं असीम बर्मन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचा अहवाल १९९९ ला आला आणि २००० साली शहरी घनकचऱ्याचे पहिले नियम झाले.

त्या नियमांचा गाभा हा: कचरा घरोघरी जाऊन गोळा करा, वेगळा करा, कुजणाऱ्याचं खत करा, उघड्यावर ढीग लावू नका. आपल्याकडे नाशिकसारख्या शहरात नव्वदच्या दशकातच घंटागाडी फिरायला लागली होती, तीच कल्पना आता देशभर.

ऐकायला किती छान! कोंडाळी जाणार, रस्ते स्वच्छ होणार. पण आता कोंडाळ्यात उतरणाऱ्या बाईच्या जागी उभे राहून ऐका. कोंडाळं घाण होतं, पण ते तिचं रोजगाराचं ठिकाण होतं. घरोघरी गाडी गेली, बंद झाकणाखाली सगळा कचरा ठेकेदाराकडे गेला, तर कागद, काच, पत्रा सगळंच गेलं. पॅरिसच्या १८८४ ची पुनरावृत्ती.

इथे पुण्याच्या बायकांनी जे केलं ते मला फार हुशारीचं वाटतं. त्यांनी "कोंडाळी उठवू नका" अशी मागणी केली नाही. त्या म्हणाल्या, कोंडाळी उठवा. पण घरोघरी जायचं काम आम्हाला द्या, कारण हे काम आम्ही आधीपासून करतोय.

२००५ पासून काही भागांत तसा प्रयोग झाला. मग "स्वच्छ" नावाची सहकारी संस्था उभी राहिली. तिच्या मालक म्हणजे स्वतः कचरावेचक. २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. आज साडेतीन हजारांहून जास्त कचरावेचक त्यात आहेत आणि पुण्यातल्या लाखो घरांच्या दारावर रोज त्यांची बेल वाजते.

पैशाचं गणित

यातलं गणित समजून घेऊ, कारण खरी मेख तिथे आहे.

"स्वच्छ"च्या पद्धतीत महापालिका या बायकांना पगार देत नाही. महापालिका देते ते हातगाड्या, हातमोजे, निवडायला जागा अशा गोष्टी, आणि संस्था चालवायला लागणारा काही खर्च. बाईची कमाई दोन ठिकाणांहून होते: घरटी महिन्याचं शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून निघालेल्या मालाची विक्री. ओला कचरा ती ठरलेल्या जागी महापालिकेच्या गाडीत देते. सुका ती बसून निवडते. पुठ्ठा वेगळा, रद्दी वेगळी, बाटल्या, दुधाच्या पिशव्या, काच, पत्रा, सगळं वेगळं. मग तिला जास्त पैसे कधी मिळतात? तिनं जास्त नीट निवडलं तर.

आता दुसरी पद्धत बघा. टेम्पो आणि ठेकेदार. अनेक शहरांत ठेकेदाराला टनावर पैसे मिळतात. जितकं वजन जास्त, तितकं बिल जास्त. त्याला वेगळं करून वजन कमी करायची काय गरज? ओला-सुका एकत्र, वर थोडी माती पडली तरी उत्तम. "वेगळा करायची गरज नाही" ही माझ्या ग्रुपवरची ओळ मला सोय वाटली होती. ती सोय नव्हती. निवडायचं काम कुणीच करणार नाही, याची ती नोटीस होती.

मग तो एकत्र कचरा जातो कुठे? याचं उत्तर मला लहानपणापासून माहीत होतं, फक्त जोडता आलं नव्हतं. आजीकडे सासवडला जाताना हडपसर सुटलं की फुरसुंगी आणि उरुळी देवाची लागतं. तिथे आलो की बाबा म्हणायचे, "काचा वर करा रे." आम्ही नाकं दाबून बसायचो आणि दिवे घाट आला की काचा खाली. आधी पुण्याचा कचरा कोथरूडला पडायचा. आज वनाझच्या मेट्रोचा डेपो आहे तिथे. शहर कोथरूडपर्यंत आलं तसा कचरा पुढे सरकला आणि उरुळी-फुरसुंगीत ढीग वाढत गेला. तिथल्या गावकऱ्यांच्या विहिरींचं पाणी खराब झालं, माश्या, वास, आगी. त्यांनी कितीदा तरी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, आंदोलनं केली. आम्ही पाच मिनिटं काचा वर करायचो. त्यांना वर करायला काचा नव्हत्या.

म्हणजे मी चहाच्या चोथ्यात वेफर्सचं पाकीट टाकतो तेव्हा दोन माणसांचा विचार केला पाहिजे. एक माझ्या दारात उभी असते, दुसरी माझ्या आजीच्या रस्त्यावर राहते.

दर पाच वर्षांनी तीच भीती

गोष्ट इथे "आणि मग सगळे सुखाने राहू लागले" अशी संपत नाही. करार म्हटला की मुदत आली. २०१३ ला पहिला करार संपला आणि नवा व्हायला २०१६ उजाडलं. २०२० च्या अखेरीस तो पुन्हा संपत आला आणि पुन्हा तीच चर्चा: टेम्पो आणू या, ठेका देऊ या. हे कधी? ज्या वर्षी लॉकडाऊनमध्ये आपण सगळे दारं लावून बसलो होतो आणि ह्या बायका रोज आपल्या दारातला कचरा नेत होत्या, त्याच वर्षी. काही काळ सगळं तात्पुरत्या मुदतवाढीवर चाललं. पुण्यातल्या बऱ्याच नागरिकांनी तेव्हा त्यांच्या बाजूनं पत्रं लिहिली, नगरसेवकांना गाठलं. काम टिकलं, पण टांगती तलवार काही गेली नाही.

कायद्यानं मात्र मधल्या काळात एक मोठं पाऊल टाकलं. २०१६ च्या घनकचरा नियमांत कचरावेचक हा शब्द पहिल्यांदा व्याख्येसकट आला. त्यांना व्यवस्थेत सामावून घ्या, ओळखपत्रं द्या, असं स्थानिक संस्थांना सांगितलं गेलं. आणि तुम्हा-आम्हालाही सांगितलं: घरातच तीन भाग करा. ओला, सुका आणि घरगुती घातक. घातक म्हणजे जुने सेल, ट्यूब, औषधं, रंगाचे डबे. म्हणजे "एकत्र दिलं तरी चालेल" हे नुसतं चुकीचं नाही, ते नियमातही बसत नाही. मोठ्या, पाच हजार चौरस मीटरपेक्षा जास्त जागेच्या सोसायट्यांनी तर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असं त्यात होतं. थोडक्यात, उकिरडा परत आणा!

मीटिंगमध्ये काय झालं?

आता माझ्या चुकीकडे परत. सोसायटीची मीटिंग झाली. मी हे सगळं कागदावर लिहून नेलं होतं. पाच मिनिटांतच कळलं की पॅरिस कुणालाही ऐकायचं नाहीये. एका काकू म्हणाल्या, "अरे, पण ती रविवारी येत नाही त्याचं काय?" एकजण म्हणाला, "पैसे कमी होतायत ना, मग?" त्यांचंही अगदीच खोटं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी वास येतो हे खरं आहे.

मग मी इतिहास बाजूला ठेवला आणि एकच सुचवलं: मावशींना बोलवू या, त्यांनाच विचारू. त्या आल्या. खुर्ची दिली तरी आधी उभ्याच राहिल्या. मग बसल्या. म्हणाल्या, रविवारी आले तर आठवड्यात सुट्टीच नाही, पण बदली बाई देऊ शकते. आणि म्हणाल्या, "चौऱ्याऐंशी घरं आहेत. त्यातली साठ घरं नीट वेगळं देतात. बाकीच्यांचं मी जिन्यात बसून निवडते. तेवढं तुम्ही केलंत तर माझा तास वाचतो." त्या जिन्यात बसून निवडतात, हे आमच्यापैकी कितीतरी जणांना माहीतच नव्हतं.

मतदान झालं. मावशी राहिल्या. फार मोठ्या फरकानं नाही, सात मतांनी. रविवारी आता त्यांची भाची येते. आणि ग्रुपवर मी माझा तो थम्ब्स अप काढून टाकला. उशिरा का होईना.

त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या, त्या तुम्हालाही सांगतो. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, पिशवीलाच लटकत ठेवायचा. तो छोटा तुकडा कुणालाच वेचता येत नाही, तो थेट ढिगात जातो. आणि पॅड, डायपर कागदात नीट गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे उघडून बघायची वेळ कुणावर येत नाही. दोन्हीला मिळून दहा सेकंद लागतात.

म्हणीप्रमाणे उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते. १९९३ च्या परिषदेला तीस वर्षं होऊन गेली. कोंडाळ्यातून दारापर्यंत या बायका आल्या, त्या कुणाच्या दयेवर नाही, स्वतः लढून. दारातून पुढे काय, हे मात्र आता फक्त महापालिकेच्या हातात नाही. ते तुमच्या-माझ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुद्धा ठरतंय.

तर मंडळी, आजचा गृहपाठ सोपा आहे. तुमच्या घरचा कचरा रोज जे कुणी नेतं, त्यांचं नाव विचारा. मला अकरा वर्षांत विचारायचं सुचलं नव्हतं. आणि मग त्यांनाच विचारा, आमच्या घरचा कचरा कसा असतो? काय उत्तर मिळालं ते मला नक्की कळवा. खरं खरं हं!

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि बादल्या दोन ठेवा.